ग्लास फायबर फिल्टर पहिल्यांदा हातात घेताना: गोदेच्या पाण्यापासून कॉइन सेलपर्यंत

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या प्रयोगशाळेत नवी मुलं येतात. कोणाला गोदावरीच्या पाण्यावर प्रकल्प करायचा असतो, कोणाला बॅटरीवर. पहिल्या आठवड्यात दोघांच्याही हातात एकाच प्रकारची डबी पडते. आत पांढऱ्या, मऊ, शाईच्या टीपकागदासारख्या दिसणाऱ्या गोल चकत्या. पाणीवाला चकतीला फिल्टर म्हणतो, बॅटरीवाला सेपरेटर, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधला पडदा. पण पाण्याच्या कामात या चकतीचं वजन महत्त्वाचं असतं, बॅटरीच्या कामात तिची जाडी आणि कोरडेपणा. नव्या माणसाच्या बहुतेक चुका इथेच होतात. छिद्राचा आकडा पाहून कागद घेतला की काम झालं, असं वाटतं. खरं काम त्यानंतरचं आहे: धरणं, सुकवणं, तोलणं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी नावाबद्दल. याला सर्रास ‘ग्लास फायबर मेम्ब्रेन’ म्हटलं जातं, पण हा मेम्ब्रेन नाही. मेम्ब्रेनमध्ये, उदाहरणार्थ ०.४५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सेल्युलोज नायट्रेटच्या चकतीत, कण बहुतांशी पृष्ठभागावर अडतात. ग्लास फायबर म्हणजे बोरोसिलिकेट काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंचा गुंता. कण वरच्या थरात अडला नाही तर आतल्या वळणावाकणांत अडतो. म्हणून हा भरपूर गाळ पोटात घेतो आणि तरी पाणी भराभर जाऊ देतो. त्याचा छिद्राचा आकडाही ‘साधारण एवढ्या आकाराचे कण अडतील’ एवढंच सांगतो. या आकड्याच्या भरवशावर पाणी निर्जंतुक झालं असं कधी समजू नका.

कोणती डबी उघडायची

व्हॉटमन कंपनीच्या श्रेणी आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहेत, म्हणून त्याच सांगतो. जीएफ/ए १.६ मायक्रॉन, जीएफ/सी १.२ मायक्रॉन, दोन्हींची जाडी २६० मायक्रॉन. जीएफ/एफ ०.७ मायक्रॉन, जाडी ४२०. जीएफ/डी २.७ मायक्रॉन आणि जाडी ६७५. जीएफ/बी १ मायक्रॉन, तोही ६७५ जाडीचा. ९३४-एएच नावाचा १.५ मायक्रॉनचा कागद पाण्यातल्या तरंगत्या घन पदार्थांच्या चाचणीसाठी खूप वापरला जातो.

पाण्यातला गाळ मोजायला जीएफ/सी किंवा ९३४-एएच घ्या. हरितद्रव्य किंवा विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजायचा असेल तर जीएफ/एफ. पाणी फार गढूळ असून पुढे ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून न्यायचं असेल, तर आधी जीएफ/डीमधून गाळून घ्या. नाहीतर महागडा मेम्ब्रेन दोन मिनिटांत तुंबतो. वाईनरीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही हाच सल्ला. द्राक्षाच्या ताज्या रसातला गर मेम्ब्रेनला अजिबात दाद देत नाही. कॉइन सेलसाठी, म्हणजे नाण्याएवढ्या बॅटरीसाठी, जीएफ/ए आणि जीएफ/डी हे नेहमीचे. त्यांतला फरक पुढे हिशेबानेच दाखवतो.

विकत घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: बाइंडर आहे का? काही ग्लास फायबर कागदांत तंतू एकमेकांना धरून राहावेत म्हणून चिकट राळ मिसळलेली असते. हवेच्या किंवा साध्या गाळण्याच्या कामात ती चालते. पण भट्टीत तापवलं की राळ जळते आणि वजनाचा हिशेब कोसळतो, आणि बॅटरीत ती इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे विद्युतभार वाहणाऱ्या द्रावात, उतरू शकते. वर दिलेले सगळे कागद बाइंडरविना आहेत.

आणखी एक मर्यादा. बोरोसिलिकेट काच पाण्यात थोडं सोडियम, बोरॉन आणि सिलिका सोडते. तुमची चाचणी नेमकी बोरॉनची, सिलिकेटची किंवा सूक्ष्म प्रमाणातल्या धातूंची असेल तर हा कागद नको. हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि तीव्र, गरम कॉस्टिक सोडा काच खातात; तिथेही नको.

हात लावण्याआधी

चकती बोटांनी उचलू नका. बोटाचं तेल आणि घाम यांचं वजन चार दशांशांच्या तराजूला कळतं. सपाट टोकाचा चिमटा घ्या, टोकदार नको, आणि चकती कडेलाच धरा. नखाएवढ्या दाबानेही ती मधून चिरते. डब्यातून काढताना दोन चकत्या चिकटून येतात, तेव्हा उजेडासमोर धरून एकच आहे ना ते पाहा. बहुतेक कागदांच्या एका बाजूला जाळीची पुसट खूण असते. ती बाजू खाली, लवदार बाजू वर. कधी ही कधी ती असं करू नका, सगळ्या नमुन्यांना एकच नियम ठेवा.

कापताना किंवा पंच मारताना तंतूंची धूळ उडते. ती कातडीला खाजवते, श्वासात जाणं चांगलं नाही. हातमोजे आणि एन९५ मास्क लावा. टेबल फुंकर मारून किंवा कोरड्या फडक्याने साफ करू नका, ओल्या टिश्यूने पुसून घ्या.

गोदेच्या पाण्यातला गाळ मोजताना

नाशिकमध्ये या कामाला कधी खंड पडत नाही. ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी गंगापूर धरणातून शहरात येते. पुढे तिला नासर्डी मिळते, तपोवनात कपिला मिळते. सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत आहे, सिंहस्थाच्या तयारीने घाटांवर लक्ष वाढलेलं आहे. औद्योगिक सांडपाणी नदी-नाल्यात सोडताना तरंगत्या घन पदार्थांची सर्वसाधारण मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे, आणि चाचणीची भारतीय पद्धत आयएस ३०२५, भाग १७ मध्ये दिली आहे. म्हणजे तुमच्या चकतीच्या वजनावर उद्या कोणाला नोटीस जाऊ शकते. त्यामुळे पायऱ्या गाळू नका.

पहिली पायरी कागद धुण्याची. कोरी चकती फनेलवर ठेवा, व्हॅक्यूम चालू करा आणि २० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी तीनदा ओता. ही पायरी वेळखाऊ वाटते म्हणून मुलं टाळतात. मीही सुरुवातीच्या काळात एकदा टाळली होती. धरणाजवळचं स्वच्छ पाणी होतं, अर्धा लिटर गाळलं, आणि शेवटी चकतीचं वजन आधीपेक्षा कमी भरलं. उत्तर उणे आलं. कारण साधं होतं: सैल तंतू पाण्याबरोबर वाहून गेले होते आणि त्यांचं वजन गाळापेक्षा जास्त होतं. स्वच्छ पाण्यात ही चूक उघडी पडते. गढूळ पाण्यात ती लपून राहते, आणि ते जास्त वाईट.

धुतलेली चकती ॲल्युमिनियमच्या छोट्या ताटलीत ठेवून १०३ ते १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर सुकवा. डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवलेल्या झाकणबंद भांड्यात, थंड करा, तोला. परत सुकवा, थंड करा, तोला. दोन वजनांतला फरक अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत आला की तो आकडा वहीत लिहा. पुढे सेंद्रिय भागही मोजायचा असेल तर ही चकती आधीच ५५० अंशांच्या भट्टीत पंधरा मिनिटं तापवून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकची हवा इतकी ओलसर असते की डेसिकेटर हाच प्रयोगाचा खरा मालक होतो. सिलिका जेल निळं असेल तर ठीक. गुलाबी दिसलं की ते आधी ओव्हनमध्ये टाका, मग चकतीकडे वळा. तराजूजवळचा पंखा बंद करा. गरम चकती कधीही तोलू नका. गरम वस्तूभोवती हवा वर चढते आणि वजन कमी दाखवते. डेसिकेटरमधून एका वेळी एकच चकती काढा, बाकीच्या झाकणाखाली राहू द्या.

आता नमुना. किती पाणी गाळायचं हे नदी ठरवते. चकतीवर किमान २.५ आणि जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम गाळ साठला पाहिजे. धरणाजवळच्या उन्हाळी पाण्याला एक लिटरही लागेल. पुरात दुतोंड्या मारुतीची मूर्ती कमरेपर्यंत बुडालेली असताना रामकुंडाजवळून आणलेल्या तांबड्या पाण्याला ५० मिलिलिटर पुरेल. गाळायला दहा मिनिटांहून जास्त लागत असेल तर पाणी जास्त घेतलंत, कमी करून पुन्हा करा. बाटली ओतण्यापूर्वी नीट हलवा, आणि हलवल्याबरोबर लगेच मोजा. गाळाला बुडायला फार वेळ लागत नाही. मोठी पानं, काड्या, निर्माल्यातली फुलं नमुन्यात धरायची नसतात. ती आधीच काढा.

चकती फनेलवर ठेवल्यावर थोडं डिस्टिल्ड पाणी शिंपडून बसवून घ्या, म्हणजे कडेने पाणी निसटत नाही. नमुना मधोमध ओता. गाळून झाल्यावर १० मिलिलिटर पाण्याने तीनदा धुवा. हे धुणं चकतीत अडकलेले क्षार काढतं. ते राहिले तर विरघळलेल्या क्षारांचं वजन गाळाच्या नावावर जमा होतं. नंतर तीन मिनिटं व्हॅक्यूम चालूच ठेवा. चकती चिमट्याने सोडवताना कडेचे तंतू फनेलला चिकटतात. घाईत ओढाल तर तेवढं वजन तिथेच राहील.

पुन्हा तासभर सुकवणं, थंड करणं, तोलणं, वजन स्थिर होईपर्यंत. हिशेब सोपा आहे. समजा कोरी चकती ०.०९२४ ग्रॅम होती, गाळासकट ०.११०६ ग्रॅम भरली आणि २५० मिलिलिटर पाणी गाळलं. गाळ १८.२ मिलिग्रॅम. त्याला ०.२५ लिटरने भागा: लिटरला ७२.८ मिलिग्रॅम. एक खूणगाठ बांधा. जीएफ/सीचं वजन चौरस मीटरला ५३ ग्रॅम असतं, म्हणजे ४७ मिलिमीटरची चकती साधारण ९२ मिलिग्रॅमची भरायला हवी. तराजूने १८० दाखवलं तर दोन चकत्या चिकटल्या आहेत.

दर खेपेला एका कोऱ्या चकतीतून फक्त डिस्टिल्ड पाणी गाळून ती बाकीच्यांबरोबर चालवा. तिच्या वजनातला फरक तुमच्या हाताची चूक किती आहे ते सांगतो.

हरितद्रव्यासाठी पद्धत निराळी आहे. कागद तोलायचा नसतो. अंधुक उजेडात गाळायचं, चकती दुमडून ॲल्युमिनियम फॉईलमध्ये गुंडाळायची, थेट फ्रीझरमध्ये. नंतर ९० टक्के ॲसिटोनमध्ये रंग काढायचा. उन्हात ठेवलेली चकती तासाभरात निरुपयोगी होते.

तोच कागद बॅटरीत

तुमच्या घरच्या किंवा ऑफिसातल्या यूपीएसमधली सीलबंद बॅटरी याच कुळातली आहे. तिच्या शिशाच्या पट्ट्यांमध्ये काचतंतूंची गादी असते आणि सल्फ्युरिक आम्ल त्या गादीत धरलेलं असतं. गादी मुद्दाम पूर्ण भिजवत नाहीत. राहिलेल्या रिकाम्या जागेतून ऑक्सिजन एका पट्टीकडून दुसरीकडे जातो आणि परत पाणी होतं, म्हणून तिच्यात पाणी घालावं लागत नाही. ती बॅटरी फोडून पाहण्याचा मोह मात्र टाळा; आत आम्ल आणि शिसं आहे.

संशोधनाच्या कॉइन सेलमध्ये, बहुतेक वेळा सीआर२०३२मध्ये म्हणजे २० मिलिमीटर व्यासाच्या आणि ३.२ मिलिमीटर उंचीच्या डबीत, चकती दोन इलेक्ट्रोडना एकमेकांपासून दूर ठेवते आणि इलेक्ट्रोलाइट धरते. आता तो हिशेब. जीएफ/एमध्ये चौरस मीटरला ५३ ग्रॅम काच. काचेची घनता घनसेंटिमीटरला साधारण २.३ ग्रॅम धरली तर ही काच वितळून सपाट केल्यावर फक्त २३ मायक्रॉन जाड होईल. कागद मात्र २६० मायक्रॉनचा आहे. म्हणजे त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त जागा रिकामी! १६ मिलिमीटरच्या चकतीत ही जागा जवळपास ४८ मायक्रोलिटर होते. तेवढीच जीएफ/डी घेतली तर सुमारे १२५ मायक्रोलिटर. याउलट २५ मायक्रॉन जाडीचा पॉलिप्रोपिलिन प्लॅस्टिकचा सेपरेटर १९ मिलिमीटरचा घेतला तरी त्याच्या छिद्रांत जेमतेम ३ मायक्रोलिटर मावतात.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली: पॉलिप्रोपिलिनसाठी वाचलेलं इलेक्ट्रोलाइटचं प्रमाण ग्लास फायबरला लावलं तर सेल कोरडा राहील आणि पहिल्याच चार्जिंगला बंद पडेल. दुसरी: एवढं इलेक्ट्रोलाइट घेणारा सेल पदार्थ तपासायला उत्तम आहे, पण बाजारातल्या बॅटरीशी त्याची तुलना करू नये. वजनाला किती ऊर्जा हा आकडा ग्लास फायबरच्या सेलवरून काढून पोस्टरवर लावणं मला योग्य वाटत नाही.

नव्या माणसाने लिथियमपासून सुरुवात करू नये. झिंकपासून करावी. पाण्यातलं इलेक्ट्रोलाइट, उघड्या टेबलावर जोडणी, ग्लव्ह बॉक्सची (हातमोजे जोडलेल्या, कोरड्या वायूने भरलेल्या बंद पेटीची) गरज नाही, आणि चूक झाली तर आग नाही. झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट ५७.५ ग्रॅम घ्या, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा आणि एकूण १०० मिलिलिटर करा. हे २ मोलर द्रावण झालं. झिंकच्या पत्र्यातून १२ मिलिमीटरच्या दोन चकत्या कापा, बारीक पॉलिश पेपरने घासा, इथेनॉलने पुसा. दोन्ही बाजूंना झिंकच ठेवून केलेला हा सममित सेल शिकायला सर्वांत चांगला. त्यात कॅथोड (धन इलेक्ट्रोड) बनवण्याची भानगड नाही, जे दिसतं ते झिंकचं आणि सेपरेटरचं.

जीएफ/ए किंवा जीएफ/डीमधून १६ मिलिमीटरची चकती काढा. उघड्या कागदावर पंच मारला की कड झिरमिळ्या होते. कागद दोन साध्या बटर पेपरांच्या मध्ये ठेवा आणि धारदार पंच एकाच दाबात मारा. सेपरेटर इलेक्ट्रोडपेक्षा सगळीकडून मोठा हवा, पण डबीच्या भिंतीला लागता कामा नये किंवा गॅस्केटखाली, म्हणजे डबी सील करणाऱ्या कड्याखाली, जाता कामा नये. गॅस्केटखाली एक तंतू गेला तरी सील गळतं, आणि दोन दिवसांनी डबीच्या कडेला पांढरे स्फटिक दिसतात.

जोडणी अशी: मोठी डबी, तिच्यात मधोमध झिंक, त्यावर एक थेंब द्रावण, वर सेपरेटर. मग मायक्रोपिपेटने द्रावण कडेपासून मध्याकडे हळूहळू सोडा. कागद पांढऱ्याचा अर्धपारदर्शक होत जातो. एखादा पांढरा डाग उरला तर तिथे हवा आहे. जीएफ/एला ६० ते ८० मायक्रोलिटर पुरतात, जीएफ/डीला १०० ते १५०. वर दुसरं झिंक, मग स्टीलचा स्पेसर, स्प्रिंग, झाकण. जीएफ/डी वापरत असाल तर पातळ स्पेसर घ्या. नाहीतर क्रिंपर, म्हणजे डबी दाबून बंद करणारं यंत्र, कागद इतका चेपतो की सगळं द्रावण बाहेर येतं आणि वर केलेला हिशेब वाया जातो. क्रिंप केल्यावर डबी पुसा आणि मल्टिमीटरने पाहा. सममित सेलमध्ये व्होल्टेज शून्याच्या आसपासच असतं, म्हणून शॉर्ट आहे की नाही ते त्यावरून कळत नाही. ते चालवल्यावरच कळतं.

मग सेलमधून वीजप्रवाह सोडा: चौरस सेंटिमीटरला १ मिलिॲम्पिअर, म्हणजे झिंकच्या या चकतीला १.१३ मिलिॲम्पिअर. एक तास एका दिशेने, एक तास उलट. आलेख नीट पाहा. झिंकचे काटे, ज्यांना सगळे डेंड्राइट म्हणतात, ग्लास फायबरच्या मोठ्या छिद्रांतून सहज शिरतात. पलीकडे पोचले की व्होल्टेज एकदम खाली पडतं. फसवणारा प्रकार वेगळाच आहे: अर्धवट शॉर्ट. व्होल्टेज खाली येऊन सपाट होतं आणि मग शेकडो तास तसंच चालतं. नवा विद्यार्थी खूश होतो, सेल टिकला म्हणून. टिकलेला नसतो. मधेमधे इम्पिडन्स, म्हणजे सेलचा विद्युतरोध, मोजा. रोध अचानक काही ओहमवर आला असेल तर खेळ तिथेच संपला आहे.

लिथियमकडे जाताना

इथे कोरडेपणा सोडून कशाचीही चिंता नंतर करा. लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेटचं इलेक्ट्रोलाइट पाण्याच्या अंशाने फुटतं आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. ते आम्ल काचेशी भिडतं. त्यातून पुन्हा पाणी सुटतं. त्या पाण्यातून पुन्हा आम्ल. ग्लास फायबर सेपरेटर नीट सुकवला नाही तर हे चक्र सेलच्या आत चालू राहतं, आणि तुम्ही दोष कॅथोडला देत बसता.

पंच आधी मारा, मग सुकवा. चकत्या काचेच्या बाटलीत, व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १२० अंशांवर किमान रात्रभर. पॉलिप्रोपिलिन साधारण १६५ अंशांवर वितळतं आणि त्याच्या बरंच आधी आक्रसायला लागतं, त्यामुळे त्याला हळुवार सुकवावं लागतं. काचेला ती भीती नाही, या बाबतीत ती सोयीची आहे. पावसाळ्यात ओव्हनमधून काढून बाटली टेबलावर ठेवली आणि चहाला गेलात, तर रात्रभराची मेहनत हवेने परत घेतली. गरम असतानाच ग्लव्ह बॉक्सच्या अँटिचेंबरमध्ये, म्हणजे वस्तू आत नेण्याच्या कप्प्यात, ठेवा. आत आर्गॉन, आणि पाणी व ऑक्सिजन दोन्ही १ पीपीएमच्या खाली. लिथियम फॉइलला तंतू चिकटतात. ते ओरबाडू नका, फॉइलच्या चकतीला भोकं पडतात.

सोडियमच्या आणि लिथियम-सल्फरच्या सेललाही हीच शिस्त. दोन पदार्थांची तुलना करत असाल तर सेपरेटरची श्रेणी, चकतीचा व्यास आणि द्रावणाचे मायक्रोलिटर तिन्ही सारखे ठेवा आणि वहीत लिहा. जाड जीएफ/डी काट्यांना पोचायला जास्त वेळ लावतो, म्हणून त्यातला सेल नुसताच जास्त जगलेला दिसतो.

सेल थांबल्यावर तो फेकू नका. झिंकचा असेल तर टेबलावर उघडा. पकडीला इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर उघडतानाच शॉर्ट होतो. चकती चिमट्याने सोडवा आणि दोन्ही बाजू भिंगाखाली पाहा. एका बाजूला राखाडी ठिपके आणि दुसऱ्या बाजूला त्याच जागी तसेच ठिपके दिसले, तर काटे आरपार गेले. एकाच कडेला दाट राखाडी पट्टा असेल तर झिंकच्या चकत्या एकमेकांसमोर बसल्या नव्हत्या. मध्ये कोरडा पांढरा डाग दिसला तर द्रावण कमी पडलं. चकती डिस्टिल्ड पाण्यात हलकेच बुडवून, सुकवून, तारीख आणि सेलचा क्रमांक लिहिलेल्या पेट्री डिशमध्ये ठेवा, आणि त्याच पानावर आलेखाची प्रिंट चिकटवा. पुढचा सेल जोडण्यापूर्वी ही डिश टेबलावर समोर असू द्या.